टॉवेलाखालचा कम्प्युटर

नगरच्या कम्प्युटरच्या दुकानात काउंटरमागच्या इरफानने काचेवर रॅमची पट्टी ठेवली, तेव्हा किसनआण्णांनी चष्मा पुसला, पट्टी उजेडात धरली आणि तिच्या कडेचे सोनेरी दात अंगठ्याने चाचपले. मग गंभीरपणे विचारलं, "दुसा हाय का चौसा?"

दात मोजून बैलाचं वय सांगतात, ते हे. इरफानने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

आण्णा राहुरीत आमच्या शेजारी राहतात. उभा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. आता बैलही कमी झाले आणि आण्णांचे गुडघेही गेले, पण पारखायची खोड काही जात नाही. माझी नवी मोटरसायकल त्यांनी आधी मागून बघितली होती, आणि "लाथाळ दिसतीय" म्हणाले होते. मी वीज कार्यालयात कारकून. दिवसभर कम्प्युटरसमोर बसतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला जाणकार ठरवून एसटीत घातलं. गेमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तसं कबूल कोण करतो?

सत्तरीला टेकलेल्या माणसाला गेमिंगचा कम्प्युटर कशाला, तर पोरासाठी. पोराला द्यायला नव्हे, पोराबरोबर खेळायला. अमोल पुण्यात नोकरीला. आई गेल्यापासून फोनवर "जेवलात का, बरं, ठेवतो" एवढंच. दिवाळीनंतर आण्णा त्याच्या खोलीवर राहून आले, तर हे पोरगं कानाला हेडफोन लावून खेळता खेळता मित्रांशी तास न् तास बोलतंय, खदाखदा हसतंय.

"माझ्याशी असं कवाच बोलला न्हाई," आण्णा मला म्हणाले. "मला त्या खेळात जायचंय."

पन्नास हजारांच्या वर एक दमडी नाही, हे त्यांनी एसटीतच बजावलं होतं. दुकानात इरफानने समजावलं की ग्राफिक्स कार्ड तगडं आणि प्रोसेसर मरतुकडा घेतला, तर कार्डाचा उपयोग नाही. हे आण्णांना फारच पटलं. एक बैल थोराड नि एक मरतुकडा जुंपला की जू वाकडं होतं म्हणाले, आणि जोडी जमवायलाच बसले. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एका रंगाच्या हव्यात. एक पंखा धापा टाकतो म्हणून नापास. रंगीत दिव्यांचा काचेचा डबा बघून म्हणाले, झूल नको, बैल दाखवा. मी मध्येच जीबीबद्दल काहीबाही बोललो, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

इरफानने बेरजेसाठी कॅल्क्युलेटर काढला. तोच आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची चार बोटं धरली.

बैलबाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली, न बोलता. चार बोटं म्हणजे चाळीस हजार. हे इरफानला कोण सांगणार? वडीलधाऱ्या माणसाने हात पुढे केलाय, म्हणून त्याने त्यांच्यात करतात तसा अदबीने मुसाफा केला. आण्णांचा अख्खा पंजा दोन्ही हातांत घेतला. पाच बोटं. आण्णांचा चेहरा पडला.

"पन्नास. झाला सौदा," ते म्हणाले.

इरफान काकुळतीला आला. अहो, बेरीज बेचाळीसच होतेय! आण्णा ऐकेनात.

"बोटं झाली, पाव्हनं. आता मागं फिरलो तर बाजारात तोंड दाखवता यायचं न्हाई."

कुठल्या बाजारात, असं मी विचारलं. तोवर त्यांनी नोटा मोजायला घेतल्या होत्या. शेवटी इरफानने वरच्या पैशांचा स्क्रीन आणि हेडफोन घातला. डबा नाकारल्यामुळे तो सगळा संसार आता टोमॅटोच्या क्रेटमध्ये मांडलाय.

मागच्या रविवारी दुपारी मी चहाला गेलो, तर आण्णा टोपीवर हेडफोन चढवून बसलेले. खेळ सुरू झाला की हे उघड्या माळावर जाऊन उभे राहतात आणि पहिल्याच गोळीला पडतात. तीनदा तेच झालं. माझ्याच्याने बघवेना. म्हटलं, आण्णा, लपायचं बटण असेल की, तेवढं तरी शिकून घ्या.

आण्णांनी तळहाताने माईक झाकला.

"ठावं हाय मला बटन. पन साहेब, हितं मानूस एकदम मरत न्हाई. आदी गुडघ्यावर पडतो. मंग अमोल हातातलं समदं सोडतो आन् मला उचलायला येतो."

त्यांनी माईकवरचा हात काढला. हेडफोनमधून पोराचा आवाज मलाही ऐकू आला, "आण्णा, हलू नका, आलोच मी."

आण्णा अजिबात हलले नाहीत.