साहेबांवरचं एकूण बल

"मामा, गाडीला काय केलंत?"

"तेल घातलं, बाई. साहेब येणार ना आज."

फळीच्या वरच्या टोकाला सोडलेली छोटी लाकडी गाडी बाईंच्या डोळ्यांदेखत सुसाट खाली आली, टेबल ओलांडून गेली आणि परीक्षानळ्यांच्या कपाटावर आदळली. एरवी ही गाडी मुंगीच्या पावलांनी, एका चालीने उतरायची. उतार तिला जेवढा पुढे ओढायचा, तेवढंच घर्षण मागे खेचायचं. दोघांची फिटंफाट व्हायची आणि गाडीचा वेग ना वाढायचा ना कमी व्हायचा. एकसमान वेगाचा अख्खा धडा त्या घर्षणावर उभा होता आणि मामांनी नेमकं तेच नाहीसं केलं होतं.

मामा प्रयोगशाळेचे परिचर. माणूस सोन्यासारखा, पण कोणी मोठं येणार म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. सकाळपासून त्यांनी दिसेल त्याला तेल पाजलं होतं. कपाटांच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, कुलपं, काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

"फळीला मेणबत्तीपण घासलीय," मामा कौतुकाने म्हणाले. "लोण्यासारखी चालते की नाही?"

दोन वर्षं बाई हंगामी होत्या. आज खात्याचे साहेब त्यांचा तास बघून शेरा लिहिणार होते. शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर पुढच्या महिन्यात त्यांच्या टेबलाशी दुसरं कोणीतरी. घरी आईने कालपासून नीट खाल्लं नव्हतं. बाईंनी तर खाण्याचा विचारही केला नव्हता.

तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्यांनी फळीखालचं एक पुस्तक काढलं. गाडी पुन्हा सुटली. दुसरं काढलं, तरी सुटली. तिसरं काढल्यावर मधेच जाऊन बसली. मग त्या जागी पातळ वही ठेवली, तर पुन्हा पळाली. वहीची चार पानं कमी-जास्त झाली की घोडं पेंड खात होतं.

"थोडं आणखी तेल देऊ का?" मामांनी विचारलं.

"मामा, तुमच्या पाया पडते. काही देऊ नका."

घंटा झाली. मुलं आत शिरायला लागली. बाईंनी फळ्यापाशी पडलेलं डस्टर उचललं, दोऱ्याने गाडीच्या मागे बांधलं आणि फळीखाली दोन पुस्तकं पुन्हा सरकवली. डस्टर घासटत गाडी निघाली. हळू, पण एका चालीने. बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच दारात मुख्याध्यापक दिसले आणि त्यांच्या मागे साहेब.

साहेब उंचीने बेताचे, चेहऱ्याने कडक. मुख्याध्यापकांनी आपली स्वतःची चाकांची उंच खुर्ची त्यांच्यासाठी आणवली होती. ती वर्गाच्या मागच्या टोकाला ठेवली होती. साहेब तिच्यावर चढून बसले तेव्हा त्यांचे बूट जमिनीपासून वीतभर वर राहिले. कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांच्या नजरेनेच सगळ्यांची तोंडं बंद झाली होती.

बाईंनी गाडी सोडली. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने घड्याळ लावून वेळ मोजली. प्रत्येक वीतभर अंतराला तेवढाच वेळ लागला.

"तर मग गाडीवरचं एकूण बल किती?"

"शून्य," वर्ग म्हणाला.

"थांबा," मागून आवाज आला. "शून्य बल, तर गाडी चालते कशी?"

"साहेब, पुढे ओढणारं आणि मागे खेचणारं बल सारखंच आहे. त्यामुळे—"

"सारखं असेल तर ती जागच्या जागी थांबेल. बाई, तीस वर्षं खात्यात आहे मी. कोणीतरी ढकलल्याशिवाय काही पुढे जात नाही." त्यांनी फाईल उघडून पेनाचं टोपण काढलं. "मुलांना चुकीचं शिकवू नका."

मुख्याध्यापक मागून मान हलवून हो म्हणा, हो म्हणा असं सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जात होतं? हो म्हटलं तर बाईंची नोकरी वाचत होती. पण समोर चाळीस पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यातल्या चष्मेवालीने नुकतंच वहीत 'शून्य' लिहून खाली रेघ मारली होती.

"माफ करा, साहेब," बाई म्हणाल्या. "पण शून्यच."

साहेबांनी ओठ घट्ट मिटले, एक ओळ लिहिली आणि फाईल मिटून रागाने मागच्या भिंतीला हात टेकून खुर्ची वळवली. तेवढा धक्का पुरला. प्रयोगशाळेची फरशी धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून बाईंच्या टेबलाजवळच्या मोरीकडे किंचित उतरती होती. खुर्ची निघाली.

मामांनी तिच्याही चाकांना तेल घातलं होतं. मात्र पाचव्या चाकापर्यंत बाटली संपली होती. ते कोरडं चाक कुरकुरत घासत होतं, आणि साहेब मांडीवर फाईल धरून, ताठ बसून, बाकांच्या मधून सावकाश चालले होते. कुंई. कुंई. कुंई. दोन कुरकुरींमध्ये तेवढंच अंतर. पाय जमिनीला पोचत नव्हते आणि हाताने बाक पकडणं त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं.

मुख्याध्यापक खुर्ची धरायला धावले.

"सर, हात लावू नका," बाई ओरडल्या. "बाहेरचं बल लागेल."

मुख्याध्यापक जागीच थिजले. आपण काय बोलून गेलो हे बाईंना कळलं, पण तोपर्यंत चष्मेवालीने घड्याळ सुरू केलं होतं.

"एका फरशीला दोन सेकंद," ती मोजू लागली. "दुसरीला दोन. तिसरीलाही दोनच, बाई."

खुर्ची मोरीच्या कट्ट्याला टेकून थांबली. बाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

साहेबांनी चष्मा नीट केला. "मला कोणी ढकलत होतं?"

"भिंतीपासून इथपर्यंत कोणीच नाही, साहेब."

"मग माझ्यावरचं एकूण बल?"

बाईंच्या आधी चष्मेवालीच म्हणाली, "शून्य."

साहेबांनी आपण ओलांडलेल्या तेरा फरश्या बोटाने मोजल्या. मग त्यांनी फाईल उघडली, मघाची ओळ आडवी खोडली, खाली काहीतरी लिहून सही केली आणि पान बाईंसमोर धरलं. 'कायम करण्यास योग्य' एवढंच होतं. बाई बाकावर बसल्या आणि सगळ्या वर्गासमोर रडल्या.

"रडताय काय, तास संपायला पंधरा मिनिटं आहेत अजून," साहेब खुर्चीवरून न उतरता म्हणाले. "मामा, मला परत मागे न्या. या खेपेला घड्याळ मी धरतो."

मामा त्यांना ढकलत वर घेऊन गेले. मुख्याध्यापक बाईंपाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "साहेबांचं झालं की मग माझा नंबर लावा."