हो म्हणा आणि बसा

मंत्री काय उत्तर देणार हे मंत्र्यांच्या आधी मला कळतं. ही फुशारकी नाही, अकरा वर्षांचा अनुभव आहे. विरोधी बाकांवरच्या एका आमदारबाईंचा मी स्वीय सहायक. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो. ताई सभागृहात प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांच्या मागे सात कार्डं असतात. ती कार्डं माझी.

पद्धत सोपी आहे. मंत्री म्हणाले, "माहिती गोळा करण्याचं काम सुरू आहे," की ताईंनी पहिलं कार्ड काढायचं. "समिती नेमली आहे" म्हणाले की दुसरं. "हा विषय दुसऱ्या खात्याचा" याला तिसरं, "हे अंशतः खरं आहे" याला चौथं. असं करत करत सातव्यापर्यंत. सातवं म्हणजे ब्रह्मास्त्र: "हे उत्तर सभागृहाची थट्टा आहे, ते मागे घ्या." अकरा वर्षांत आठव्या कार्डाची गरज पडली नाही. जगात सरकारी उत्तरं सातच आहेत, असं मी नवीन सहायकांना छातीठोकपणे सांगत असे.

त्या अधिवेशनात ताईंचा प्रश्न झोक्यांचा होता.

तीन वर्षांपूर्वी एका बागेत झोक्याची साखळी तुटली. झोक्यावर मूल नव्हतं, बागेची पाहणी करायला आलेला एक भरभक्कम कारकून होता. त्याला खरचटलं आणि सरकारला जाग आली. हुकूम निघाला: सुरक्षेचे नियम ठरेपर्यंत सगळ्या बागांमधले झोके उतरवा. झोके उतरले. नियम काही ठरेनात. बागांत नुसत्या लोखंडी कमानी उरल्या, लेक सासरी गेल्यावर ओसरी दिसते तशा.

माझी मुलगी झोके उतरवले तेव्हा चार वर्षांची होती, आता सात. ती रोज संध्याकाळी त्या रिकाम्या कमानीला धरून उभी राहते आणि स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणते,

झोका गेला, झोका गेला, वाऱ्यालाही ठाव ना,
कमानीच्या पोटी माझा एक पाय मावेना.

अर्थ विचारला तर म्हणते, "बाबा, अर्थ झोका आल्यावर सांगेन." मी घरी आलो की दारातच तिचा प्रश्न असतो, "विचारलं का?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एकही कार्ड नाही.

प्रश्नोत्तरांच्या आदल्या दिवशी दुपारी आमची रंगीत तालीम असते. मी मंत्री होतो, ताई ताईच असतात. त्या दिवशी सहा उत्तरं झाली आणि ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरे, एकदा हो म्हण ना," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"मंत्र्यांनी. म्हणजे तू. अकरा वर्षं नाही-नाही ऐकतेय. हो ऐकलं की कसं वाटतं, ते मरायच्या आधी कळू दे."

"ताई, त्याची तालीम करून उपयोग काय?"

"उपयोगाच्या गोष्टी सकाळपासून करतोय आपण. लिही."

मीही पेटलो. सरकारी कागदाचा आराखडा मला तोंडपाठ. वर प्रश्न क्रमांक टाकला आणि खाली लिहिलं: होय, हे खरे आहे. झोके उतरवणे सोपे होते, नियम करणे अवघड, म्हणून आम्ही सोपे ते केले. चूक आमची आहे. नव्वद दिवसांत सर्व बागांत झोके लावू. साखळी जाड असेल, खाली वाळू असेल, दर तीन महिन्यांनी तपासणी होईल. एवढं लिहून वाचलं तर ते सरकारी वाटेना. काहीतरी कमी होतं. मग लक्षात आलं, कागदात बंदी कुठाय? शेवटी एक ओळ घातली: बारा वर्षांवरील व्यक्तींस झोक्यावर बसण्यास मनाई राहील. आता कसं घरच्यासारखं वाटलं.

मंत्र्यांच्या आवाजात मी ते वाचून दाखवलं. ताई खिडकीकडे बघत होत्या.

"याची एक प्रत दे मला," शेवटी म्हणाल्या. "बाकाच्या खणात ठेवते. वाईट दिवशी वाचेन. आणि झोके लागले ना, तर पहिला झोका माझा."

झेरॉक्सचं यंत्र मधल्या बोळात आहे. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात सामायिक असलेली ती एकच वस्तू, आणि दोघांनाही ती सारखाच त्रास देते. मी प्रत काढली, तोच मागून मंत्र्यांच्या खात्यातले अधिकारी गठ्ठा घेऊन धावत आले.

"व्हा बाजूला, व्हा बाजूला. साहेबांचं उद्याचं उत्तर अजून वरून खाली आलेलं नाही आणि खालून वर गेलेलं नाही."

मी झालो बाजूला. प्रत घेऊन आलो. मूळ कागद काचेवरच राहिला, हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, साऱ्या सभागृहाबरोबर.

मंत्रिमहोदयांबद्दल एक सांगायला हवं. माणूस सज्जन, पण हातात देतील ते वाचणार. एकदा भाषणाच्या समासात कुणीतरी त्यांच्यासाठी लिहिलं होतं, "इथे थोडं पाणी प्यावं." महोदयांनी ते वाक्य खणखणीत आवाजात वाचलं आणि मग पाणी प्याले. तेव्हापासून त्यांच्या कागदांना हात लावायला अधिकारी घाबरतात.

तर ताईंचा प्रश्न पुकारला गेला. सकाळी सगळ्यांना वाटलेल्या छापील उत्तरांत झोक्यांपुढे फक्त "मंत्री निवेदन करतील" एवढंच होतं. मी वरच्या सज्जात निवांत बसलो होतो. महोदय उठले, कागद उघडला, क्षणभर थांबले आणि वाचू लागले.

"होय, हे खरे आहे."

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"झोके उतरवणे सोपे होते, नियम करणे अवघड, म्हणून आम्ही सोपे ते केले."

ते वाक्य माझं होतं, त्यातला स्वल्पविरामसुद्धा माझा होता. आमच्या बाकांवरचे सवयीने "शरम करा, शरम करा" ओरडले आणि काय ऐकलं ते लक्षात येऊन मधेच गप्प झाले. समोरच्यांनी बाकं वाजवायला हात उचलले, पण वाजवावीत की नाही हे कुणी सांगेना, तेव्हा ते हात तसेच हवेत राहिले. खाली अधिकाऱ्यांच्या कक्षात कालचे धावणारे अधिकारी पिठासारखे पांढरे पडले.

आणि ताई? ताईंनी खण उघडला. आतली प्रत पाहिली. समोर पाहिलं. पुन्हा प्रत पाहिली. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला सज्जातून दिसली आणि त्यांना काय वाटतंय ते मी ओळखलं. त्यांना वाटलं, कुणीतरी आपला कागद पळवलाय आणि हे गृहस्थ भर सभागृहात आपली टिंगल करताहेत!

महोदय नव्वद दिवसांसकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचून बसले आणि ताई उठल्या. सातवं कार्ड हातात होतं, पण ते बघायची गरजच नव्हती.

"अध्यक्ष महाराज, ही थट्टा आहे. लहान मुलांची थट्टा आहे. मंत्र्यांनी हे उत्तर ताबडतोब मागे घ्यावं."

आता झाली पंचाईत. सभागृहात बोललेला शब्द म्हणजे आश्वासन, ते नोंदवलं जातं आणि पाळावं लागतं. पण प्रश्न विचारणाराच म्हणाला, मागे घ्या, तर कुठला मंत्री ठेवेल? अधिकारी तर दोन्ही हातांनी महोदयांना "घ्या, मागे घ्या" असं खुणावत होते, जणू गाडी मागे घ्यायला सांगताहेत. अकरा वर्षांत एकदाच दारात आलेलं "हो" ताई स्वतःच्या हातानं हाकलून देत होत्या आणि मी सज्जात बसून बघत होतो. सज्जातून बोलायला मनाई. मला त्या रिकाम्या कमानीखाली उभं राहिलेलं पोर दिसलं.

मी खिशातून कागद काढून खरडलं: "हो म्हणा आणि बसा." सभागृहात चिठ्ठ्या पोचवणारे एक ज्येष्ठ शिपाईकाका आहेत, ते नेमके सज्जाच्या दाराशी उभे होते. निवृत्तीला महिना उरलेला आणि चाल अशी, की चिठ्ठी पोचेपर्यंत अधिवेशन संपावं.

"काका, लवकर. त्या उभ्या आहेत ना, त्यांना."

"जे उभे आहेत त्यांना," काका म्हणाले. "समजलं."

काका निघाले. पहिली रांग, दुसरी रांग. तेवढ्यात अध्यक्षांनी हातोडी आपटली.

"सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. मंत्रिमहोदय, आपण आपल्या उत्तरावर ठाम आहात का?"

ताई बसल्या. महोदय उठले. काका मधोमध थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कर्तव्याला जागून, जे उभे होते त्यांच्या हातात चिठ्ठी दिली.

मी कपाळाला हात लावला. आता हे मोठ्यानं वाचणार. "हो म्हणा आणि बसा" हे सभागृहाच्या कामकाजात कायमचं छापलं जाणार, आणि चिठ्ठीवर माझं अक्षर.

महोदयांनी चिठ्ठी वाचली. मनात वाचली, आयुष्यात पहिल्यांदा. वर सज्जाकडे एकवार पाहिलं.

"हो," ते म्हणाले. आणि बसले.

"आश्वासनाची नोंद घ्यावी," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा प्रश्न."

बोळात ताईंनी मला गाठलं. "माझा कागद तू त्यांना दिलास?"

"मी नाही ताई, यंत्रानं दिला." आणि मी सगळं सांगितलं, काच, गठ्ठा, काका, चिठ्ठी. ताई भिंतीला टेकल्या. आधी मला वाटलं, आता ओरडणार. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता डोळे पुसत त्यांनी विचारलं, "म्हणजे झोके लागणार?" अकरा वर्षांत इतका लहान प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

लागले. सत्याऐंशीव्या दिवशी. साखळी जाड, खाली वाळू, सगळं कागदाबरहुकूम. आमच्या बागेत मंत्री आले, ताई आल्या, मुलीला घेऊन मीही गेलो. फीत कापून झाल्यावर महोदय हळूच माझ्या शेजारी आले.

"चिठ्ठीवरचं अक्षर तुमचंच ना?"

मी जमिनीत शिरायला जागा शोधू लागलो. "म्हणजे, साहेब, तुम्हाला कळलं होतं?"

"कागद उघडला तेव्हाच कळलं. आमच्या खात्यात कुणाला चार शब्दांचं वाक्य लिहिता येत नाही."

"मग वाचलंत कसं?"

महोदयांनी झोक्याकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तर मला समजलं हो. म्हणून वाचलं."

तिकडे माझी मुलगी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. केस वाऱ्यावर, पाय आभाळात. मी ओरडून विचारलं, "काय गं, गाण्याचा अर्थ काय?" ती वरूनच ओरडली, "आत्ता वेळ नाही, बाबा!"

मग ताई पुढे झाल्या. पदर खोचला, चपला काढल्या, शेजारचा रिकामा झोका धरला. एवढ्यात बागेचा रखवालदार धावत आला.

"ओ बाई, उतरा, उतरा. पाटी वाचा की. बारा वर्षांवरच्यांना मनाई आहे."

"मनाई? कुणी घातली ही मनाई?"

"काय माहीत. असेल कुणीतरी वरचा शहाणा."

ताईंनी पाटी वाचली. सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वाळूची जाडी तपासू लागलो.

पुढच्या अधिवेशनासाठी ताईंनी प्रश्न दिलाय: झोक्यांना वयाची अट घालण्यामागे शासनाचा नेमका हेतू काय? सात कार्डं मी करून दिली आहेत. आणि काल मंत्रिमहोदयांचा फोन आला होता. उत्तराचा कागद यंत्राच्या काचेवर कधी ठेवताय, म्हणून विचारत होते.