तात्यासाहेबांच्या नावाचा जंत

पडेगावचा सांडू पेरूची गाठाळलेली मुळं पिशवीत घालून कृषी संशोधन कचेरीत आला, तेव्हा तात्यासाहेबांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"साहेब, दोनशे झाडं पिवळी पडली. औषध सांगा."

"आधी ओळख, मग औषध."

तात्यासाहेब सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत राहणाऱ्या बारीक जंतांचे तज्ज्ञ. मुळांना गाठी आणणाऱ्या वंशातली जात मादीच्या पार्श्वभागावरच्या वळ्यांवरून ओळखतात, म्हणून तीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकातून तेवढंच पाहिलं होतं. माणसं मात्र ते तोंडावरून ओळखत आणि हमखास फसत.

वंश ओळखीचा निघाला, पण वळ्या नव्या. नवी जात! आपलं नाव आपणच द्यायचं नाही, हा शास्त्राचा शिष्टाचार. तेव्हा या जंताला सहायक मंजुषाबाईंनी तात्यासाहेबांचं नाव द्यायचं आणि पुढच्याला त्यांनी बाईंचं, असं ठरलं.

"अन् माझी झाडं?"

"अनामिक जिवावर इलाजाची तरतूद नाही, सांडूभाऊ."

बाईंनी शरीररचना लिहिली: 'लहानपणी चपळ. मुळाशी जागा मिळाली की हालचाल बंद. पुढे मादी फुगून नासपतीसारखी होते. डोकं लहान, डोळे नाहीत. तोंडात पोकळ सुई. त्या सुईनं जन्मभर दुसऱ्याचा रस ओढते.'

तात्यासाहेबांनी तीनदा वाचलं. दचकून उठले, तर खुर्चीही बरोबर उठली.

"बाई, हे जंताचंच ना?"

"मापं घेऊन लिहिलंय, सर."

नावावर हरकती मागवणारं परिपत्रक निघालं. आठवड्यात कचेरीतूनच त्रेचाळीस आल्या. अपमान झाला, असं एकानंही लिहिलं नव्हतं. वर्णन आपल्यालाच जास्त लागू पडतं, तेव्हा नाव आपलं द्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं. आस्थापना शाखेच्या मोठ्या बाबूंनी तर कमरेचं साक्षांकित माप जोडलं होतं. रीतसर ज्येष्ठता यादी लागली आणि तात्यासाहेब सतरावे ठरले.

यादीवर सही होईपर्यंत सांडू पुन्हा आला. हात रिकामे.

"उपटली साहेब, समदी. मुळांसकट जाळली."

"अरे!" तात्यासाहेब हळहळले. "मग आमच्या जातीनं आता राहायचं कुठं?"

सांडूनं कचेरीभर सावकाश नजर फिरवली. "व्हय की. पर इथं तर बरी रुळलीय."

हरकतींची मुदत वाढवली आहे आणि अर्ज आता जनतेलाही खुले आहेत. वर्णन वाचताना ज्यांना स्वतः सोडून दुसरंच कुणी आठवलं, त्यांना मुलाखतीशिवाय यादीत घेतात.