महाराजांच्या तीन रिकाम्या खाचा

एका जंगलात, बालमित्रांनो, एक जुना कॉम्प्युटर होता. अजूनही आहे. त्याला फार जपतात.

त्याचं काम एकच. वरच्या डोंगरात नदी फुगली, की पाणी खाली कधी पोचेल ते सांगायचं. पण त्याची मेमरी तोकडी होती. हिशेब करता करता तो दमायचा. पडद्यावर वाळूचं घड्याळ येऊन बसायचं आणि उठायचं नाव घ्यायचं नाही.

तरी सिंह महाराजांना त्याचा भारी अभिमान. पाहुणे आले की ते सीपीयूचा डबा उघडून दाखवत. "बघा, आत मेमरीच्या तीन खाचा रिकाम्या आहेत! वाटेल तेव्हा मेमरी वाढवता येईल. शेजारच्या जंगलात एकही रिकामी नाही. बिचारे!"

दसऱ्याला त्या खाचांवर अक्षता पडत. हलक्या हाताने.

एका वर्षी टिटवीने नदीकाठच्या वाळूत अंडी घातली. डोंगरावर ढग जमले. ती कॉम्प्युटर चालवणाऱ्या अस्वलाकडे धावली.

"अस्वलभाऊ, पाणी कधी येणार? हत्तीमामा बांध घालायला तयार आहेत, पण कॉम्प्युटरने सांगितल्याशिवाय उठत नाहीत."

"घड्याळ फिरतंय, बाई. दिसत नाही?"

"सकाळपासून फिरतंय! कपाटात मेमरीची पट्टी पडून आहे ना? ती बसवा की."

अस्वलाने कानांवर हात ठेवले. "आणि खाच भरली तर?"

"भरली तर लवकर सांगेल."

"आज तुम्हाला एक दिली, तर उद्या बेडूक मागेल. मग पाहुण्यांना काय दाखवायचं?"

टिटवी महाराजांकडे गेली. महाराज हळवे झाले. "बाई, तुझं दुःख कळतं मला. पण खाचा भविष्यासाठी आहेत."

"माझी अंडी म्हणजे भविष्यच की, महाराज!"

"उगाच भावनेच्या भरात बोलू नये," महाराज म्हणाले.

संध्याकाळी पाणी सगळ्यांच्या पायांना लागलं. त्याच क्षणी पडद्यावर उत्तर उमटलं, 'पाणी आज संध्याकाळी येईल.'

"बघा! अचूक!" अस्वल ओरडलं.

आता हत्ती उठला. आधी काय उचलायचं, यावर मुळीच वाद झाला नाही. त्याने कॉम्प्युटर पाठीवर घेतला आणि टेकडी गाठली. अंडी वाहून गेली.

टेकडीवर महाराजांनी आधी डबा उघडला.

"तिन्ही कोरड्या आहेत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीनेही वाजवायला हव्या होत्या, असं अस्वल नंतर म्हणालं.

तात्पर्य : अंडी पुढच्या वर्षी पुन्हा घालता येतात, खाच मात्र एकदा भरली की भरली. म्हणून मुलांनो, भविष्य जपायचं असेल, तर ते रिकामंच ठेवावं.