लीड्सचं बिल

इंग्लंडमधल्या लीड्स या गावी माझं कोणीही राहत नाही. तिथल्या हवेचं जे वर्णन ऐकलंय त्यावरून कोणी राहावं असंही मला वाटत नाही. तरी तिथे घरगुती गॅस कोणती कंपनी स्वस्त देते, कोणाची वीज रात्री परवडते आणि कोण पहिलं वर्ष गोड बोलून दुसऱ्या वर्षी गळा कापतं, हे मला तोंडपाठ आहे. ही विद्या मी मागितलेली नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या धारपसाहेबांनी ती मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा तर मी पुऱ्या तळत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिली. त्या दिवशीच्या पुऱ्या करपल्या.

धारपसाहेब मूळचे खोपोलीचे. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये कंट्रोल रूमला शिफ्ट ऑपरेटर. माझा नवरा विवेक त्याच कंपनीत, पण ऑफिसात, म्हणजे धारपसाहेबांच्या मते खऱ्या कामापासून लांब. दोह्यात अल नस्रमधल्या आमच्या इमारतीत ते एकटे राहतात. उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघणारे. आयुष्यभर भिंतीवरचे स्क्रीन बघितल्यावर माणसाचं असं होत असावं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "लॉयल्टी म्हणजे आळस, वहिनी." जे गिऱ्हाईक टिकून राहतं त्यालाच लुटतात, नव्याला सवलत देतात, म्हणून माणसाने टिकून राहूच नये. मग विषय गॅसचा असो, न्हाव्याचा असो नाहीतर इडलीच्या पिठाचा. खालच्या लाँड्रीतला मलयाळी पोरगा त्यांना सलाम करायचा कधीच थांबला होता, कारण ते इस्त्रीचे कपडे एका महिन्यात तीन दुकानांत फिरवायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांचं काम त्यांच्याकडे दिलं, तेव्हा नेहमीच्या कुलकर्णीबाईंना बाजूला सारून त्यांनी कुठल्याशा बेकरीला ऑर्डर दिली. मोदक आले ते मैद्याचे, आत खजूर, वर तीळ. अध्यक्षांनी ते निमूटपणे बाप्पापुढे ठेवले. कुलकर्णीबाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांचं काही चुकत नाही.

खुद्द कतारमध्ये मात्र या माणसाचे हात बांधलेले. इथे वीज एकाच ठिकाणाहून येते आणि आमच्या इमारतीत तर ती भाड्यातच धरलेली आहे. बिल दिसतसुद्धा नाही. याचं धारपसाहेबांना मनापासून दुःख होतं. निम्म्या जगाच्या चुली पेटवणारा देश, आणि माणसाला साधी घासाघीस करायला जागा नाही, असं ते म्हणायचे. एकदा ते आमच्या अर्णवला हे समजावून सांगत होते. पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "अंकल, बट इट्स फ्री. व्हाय डू यू केअर?" धारपसाहेब त्याच्याकडे असे बघत राहिले की मीच त्याला आत पाठवलं.

त्यांची सगळी हौस भागायची ती लीड्समध्ये. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी राहते, मुक्ता. तिचा छोटासा फ्लॅट आहे. त्या देशात म्हणे नळी तीच, तार तीच, पण गॅस आणि वीज कोणाकडून घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. कंपनी बदलली तरी कोणी घरी येत नाही, काही खोदत नाही, फक्त बिलावरचं नाव बदलतं. मुक्ताच्या घराचा हा कारभार धारपसाहेब दोह्यात बसून बघायचे. खातं त्यांच्या ईमेलवर, ॲप त्यांच्या फोनमध्ये. करार संपत आला की ते आठवडाभर दरांची तुलना करत बसायचे, आणि नवी कंपनी लागली की आमच्याकडे जिलेबी यायची. अर्थात दर वेळी वेगळ्या दुकानातली.

"आमच्याच जेटीवरून जहाज भरून जातं तिकडे," ते सांगायचे. "बापाने काढलेल्या गॅसवर पोरगी चहा करते. मग तो महाग का घ्यावा तिने?"

यातलं एक ते सांगत नसत, पण बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मुक्ता त्यांच्याशी बोलत नाही. तिची आई आजारी पडली तेव्हा इथे प्लांटचा शटडाउन चालू होता. डागडुजीचा मोठा काळ, कोणाला रजा नाही. धारपसाहेब आज निघतो, उद्या निघतो करत राहिले. पोरीने एकटीने हॉस्पिटल केलं, एकटीने सगळं बघितलं. हे पोचले ते दहाव्याला. नंतर मुक्ता इंग्लंडला गेली. तिने फ्लॅट घेतला तेव्हा धारपसाहेब बोलावणं नसताना एकदा जाऊन आले, आणि तिला बिलांचा कंटाळा म्हणून ते खातं तेवढं आपल्याकडे घेऊन आले. त्या खात्यापलीकडे दोघांत काही उरलं नव्हतं. नवीन कंपनी लागली की हे मेसेज पाठवायचे, ती अंगठा पाठवायची.

पण त्या ॲपमध्ये आदल्या दिवशी घरात वीज आणि गॅस किती वापरला याचा आलेख दिसतो, आणि आलेख वाचणं हा तर या माणसाचा धंदा. चहाच्या वेळी धारपसाहेब फोन पुढे करायचे. हा सकाळचा सुळका म्हणजे किटली. हा रविवारचा पसारा म्हणजे कपडे धुतले. हा संध्याकाळचा गॅसचा डोंगर म्हणजे हीटर लावला. डोंगर चांगला उंच असला की स्वारी खूश. मी एकदा म्हटलं, अहो, बचत करायची तर डोंगर लहान नको का? ते नुसतेच हसले. मला तेव्हा ते थोडे वेडसरच वाटले. लग्नाच्या वयाची मुलगी किती वाजता अंघोळ करते हे बापाने आलेखात बघू नये, असंही वाटलं.

या जानेवारीत एक दिवस ते आले आणि बसलेच नाहीत. आलेख सपाट झाला होता. गॅस शून्य आणि वीज फक्त फ्रिजपुरती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. विवेक म्हणाला, गेली असेल कुठे फिरायला. मी म्हटलं, मीटर बिघडला असेल. धारपसाहेबांनी मान हलवली. कंट्रोल रूमचा नियम त्यांच्या हाडात भिनलेला: रेघ सपाट झाली की स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, जागेवर माणूस पाठवायचा. फोन ती उचलत नव्हती, पण तो ती एरवीही उचलत नसे. लीड्समध्ये पाठवायला माणूस नव्हता. मग त्यांनी दोह्याहून तिथल्या पोलिसांना फोन लावला.

पोलीस गेले. दार वाजवलं, शेजाऱ्यांना उठवलं, तिच्या ऑफिसात विचारलं आणि शेवटी ती सापडली ती हॉस्पिटलच्या वॉर्डात. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. आधीपासून ठरलेलं. ऑफिसला सांगितलं होतं, एका मैत्रिणीला सांगितलं होतं. बापाला नव्हतं.

"पोरीच्या पोटावर टाके पडले, वहिनी," ते मला म्हणाले, "आणि मला ते पोलिसाने सांगितलं."

मुक्ताने त्यांना त्या वॉर्डातून फोन केला. कित्येक वर्षांत तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला, आणि जे ऐकलं ते त्यांनी मला सगळं सांगितलं नाही. माझ्या घरात काय चालतं हे तुम्ही चोरून बघता, असं म्हणाली. आईच्या वेळी बघायचं होतं, तेव्हा कुठे होतात, असंही म्हणाली. मला त्यांची कीव आली. पोरीची बाजूही मला पूर्ण पटत होती, आणि दोन्ही एकदम पटल्यामुळे मला दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

त्यानंतर ते काही दिवस फिरकले नाहीत. मग एका दुपारी दुसऱ्या पाळीला जायच्या आधी आले आणि फोन माझ्यापुढे ठेवला. लीड्सच्या कंपनीचा ईमेल होता. तुम्ही आम्हाला सोडून जाताय याचं वाईट वाटतं, वगैरे. मुक्ताने दुसऱ्या कंपनीत खातं उघडलं होतं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. कुठली कंपनी ते यात नव्हतं. ॲप उघडलं तर आता काहीच दिसत नव्हतं.

मी चहा ठेवला. मग ते बोलले.

"एक्झिट फी भरून गेली. करार मार्चमध्ये संपत होता. दोन महिने थांबली असती तर फुकटात सुटली असती."

मी म्हटलं, तिच्या लक्षात आलं नसेल.

"आलं असणार. हुशार आहे. तिला थांबायचंच नव्हतं."

मी आपलं समजूत घालायला म्हणून बोलले, की जाऊ द्या, एका परीने बरं झालं, तुमच्या डोक्याची कटकट गेली. चांगला दर बघूनच गेली असेल, शेवटी तुमचीच मुलगी.

"वहिनी, सप्लायर बदलून एवढी बचत होत नसते हो," ते म्हणाले. "थोडीफार होते. बाकीचे मी टाकत होतो."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. बोलावणं नसताना लीड्सला गेले होते तेव्हा मुक्ता घरात कोट घालून बसलेली त्यांनी बघितली. हीटर बंद. आईसारखीच, स्वतःवर खर्च करायला हात धजत नाही. त्यांनी पैसे देऊ केले, तर तिने ते टेबलावर तसेच ठेवले आणि निघताना त्यांच्या बॅगेत परत घातले. म्हणून हे खातं आपल्याकडे घेतलं. दर महिन्याला इथून आपल्या कार्डाने त्यात रक्कम भरायची, म्हणजे तिच्या बँकेतून जाणारा हप्ता कमी व्हायचा. तिला कळवायचं की बघ, कंपनी बदलल्याचा फायदा. ती हीटर लावायला लागली. संध्याकाळचा डोंगर उंच व्हायला लागला. हे रोज बघायचे ते तेवढ्याचसाठी.

"आता नव्या कंपनीचं खरं बिल येईल," ते म्हणाले. "ऐन थंडीत, टाके ओले असताना."

मी त्यांना विचारलं, मी लिहू का मुक्ताला? बाईने बाईला लिहिलं तर कदाचित वाचेल. हे सगळं तिला कळायला हवं.

धारपसाहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"नका लिहू. बिल महाग आलं तर ती हीटर कमी लावेल. आजवर माझ्या पैशावर ऊब घेतली हे कळलं तर मुळीच लावणार नाही."

खाली कंपनीची बस येऊन थांबली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले आणि ड्यूटीवर गेले.