वाढत्या मापाचं आजारपण

"आईंना लागणाऱ्या सामानाचं मी बघतो," असं मी म्हणालो आणि तिथून सगळं सुरू झालं. वाक्य तसं साधं होतं. जेवता जेवता तोंडातून निघून गेलं. बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली, ती कौतुकाची होती असा माझा समज झाला. (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिच्या नजरांची वर्गवारी मला अजून जमलेली नाही.)

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मुलींच्या शाळेतल्या निवृत्त कवायतीच्या बाई. आमच्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहायच्या. स्वतःचं सगळं स्वतः करायच्या आणि जाता येता आमचंही बरंचसं करून टाकायच्या. मग एक दिवस मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. गुडघे मात्र आधीपासूनच कुरकुरत होते, तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की यांच्या गरजा यापुढे बदलत जातील, हे ध्यानात ठेवून काय ते सामान घ्या.

खरी अडचण हाडाची नव्हती. हाड जुळलं, पण धीर गेला होता. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट बाई कमरेचा पट्टा धरून मागे उभ्या असल्या की सासूबाई चालायच्या. पट्टा सोडला की जागच्या जागी खिळायच्या. त्यात मेहुण्यांनी (हे परगावी असतात आणि फोनवरून निर्णय घेतात) जाहीर केलं की आई पलंगापासून बाथरूमपर्यंत कुणाच्या आधाराशिवाय जाऊ शकत नसेल, तर तिला एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू आणि ते घर बंद करू. ज्या बाईंनी जन्मात कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, याचं मला फार वाईट वाटलं. मला सासूबाई आवडतात. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, कारण त्या "मग?" असं विचारतील.

तर सामान. आता मी आमच्या कचेरीत खरेदी खात्यात आहे. चार फायली आहेत म्हणून चार फायलींचं कपाट आम्ही घेत नाही. उद्या चाळीस होतील, हे गृहीत धरून घेतो. लहानपणी माझे शाळेचे शर्टसुद्धा वाढत्या अंगाचे शिवलेले असत. (मी त्यांच्या मापाचा होईपर्यंत ते फाटत, पण तो तपशील झाला.) गरजा बदलत जातील म्हणजे वाढत जातील, हा अर्थ मी सरळ लावला. तेव्हा आजारपणाचं सामानही वाढत्या मापाचं घ्यायचं ठरवलं. एकदाच घ्यायचं, म्हणजे पुन्हा बघायला नको.

दुकानदाराने विचारलं, पेशंट चालतात का? मी म्हणालो, आज चालतात हो, पण उद्याचं काय? हे ऐकून तो मला आतल्या दालनात घेऊन गेला. तिथे मी विजेवर चालणारा पलंग घेतला, ज्याचं डोकं वर होतं, पाय वर होतात आणि मनात आलं तर अख्खा पलंगच वर होतो. एक व्हीलचेअर घेतली. तिला मानेला आधार, पोटऱ्यांना आधार आणि पाठ थेट आडवी व्हायची सोय होती. मी तीत बसून पाहिलं आणि दुकानदाराने हलवून उठवेपर्यंत झोपलो. शेवटी कोपऱ्यात एक उंच लोखंडी यंत्र दिसलं. पेशंटला झोळीत घालून उचलायचं. हे अगदी अंथरुणाला खिळलेल्यांना लागतं, तुम्हाला कशाला, असं दुकानदारच म्हणाला. मी म्हणालो, कधीतरी लागेलच, बांधा.

मी खोलीचं माप घेतलं होतं. पलंगाचं घेतलं होतं. खोलीच्या दाराचं घ्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना आधी आमच्याच घरी आणायचं ठरलं होतं, तो दिवस उजाडला. बायको त्यांना आणायला हॉस्पिटलात गेली. घर बघून काय ते ठरवायला फिजिओथेरपिस्ट बाईही त्यांच्याबरोबर येणार होत्या. व्हीलचेअर टॅक्सीत मावणारी नव्हती, म्हणून ती मी फाटकापाशी उभी करून ठेवली आणि आईंना तीत बसवूनच आत आणा, असा निरोप दिला. पलंग आणि ते यंत्र जोडून देणारा माणूस निघून गेला. मी एकटाच उरलो.

खरेदी खात्यातला माणूस चाचणी घेतल्याशिवाय माल ताब्यात घेत नाही. मी पलंगावर झोळी पसरली, तीत बसलो, कड्या अडकवल्या आणि तारेला लोंबणाऱ्या रिमोटचं बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं आणि मी वर गेलो. फार सुरेख वाटलं. इतकं सुरेख वाटलं की मी नाक खाजवायला हात उचलला. तो रिमोटचा हात होता. रिमोट निसटला आणि खाली तारेवर झुलू लागला. त्याला पकडायला मी झोका घेतला, तर यंत्राचा दांडा फिरला आणि मी पलंगावरून बाजूला होऊन जमिनीच्या वर अधांतरी आलो. गुडघे हनुवटीला टेकलेले. एक चप्पल खाली, एक पायात.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"अहो, आलो आम्ही," बायकोचा आवाज आला.

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बरं काय? बाहेर या ना."

"आत्ता नाही येता येणार."

"का?"

"जरा वर आहे."

आमचं घर तळमजल्यावर आहे, त्यामुळे बाहेर "वर कुठे?" अशी कुजबुज झाली. मग व्हीलचेअरची चाकं वाजली आणि खोलीच्या दारात सासूबाई प्रकटल्या. आधी पाय आले, मग गुडघे आणि मग खुर्ची चौकटीत करकचून अडकली. मागून बायकोने आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी जोर लावला, तशी ती आणखी घट्ट बसली. पुढेही जाईना, मागेही येईना. मानेच्या त्या उंच आधारामुळे मागच्या दोघींना आतलं काही दिसत नव्हतं. मला बघू शकत होत्या त्या फक्त सासूबाई.

त्यांनी मला चपलेपासून वरपर्यंत पाहिलं.

"तिथे काय करताय?"

"चाचणी घेत होतो, आई."

"मग? कसं आहे?"

"वर चांगलं जातं."

"आई, कुणाशी बोलतेस?" मागून बायको ओरडली. "कुठे आहेत ते?"

"टांगलेत."

"कुणी?"

"स्वतःच."

एव्हाना माझे दोन्ही पाय बधिर झाले होते आणि झोळीचा पट्टा पोटात रुतत होता. मी धीराने हसायचा प्रयत्न केला, पण तोंडातून बारीक किंचाळी निघाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मागून सांगितलं की आजी, तुम्ही मुळीच उठू नका, मी घराला वळसा घालून खिडकीतून येते. सासूबाई म्हणाल्या, "खिडकीला गज आहेत. आणि हा माणूस जांभळा पडायला लागलाय."

आणि त्या उठल्या. दोन्ही हात खुर्चीवर टेकून, पुढे वाकून, शिकवलं होतं तसंच. खुर्ची एवढी घट्ट अडकली होती की तसूभर हलली नाही. (इतकी भक्कम खुर्ची कुठल्याही दुकानात मिळणार नाही. ही माझी खरेदी.) एक क्षण त्या खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. पट्टा धरायला मागे कुणी नव्हतं आणि हे त्यांनाही कळलं होतं. मला खाली यायचं होतं, पण त्यांनी पडू नये असं त्याहून जास्त वाटत होतं. मी म्हणालो, "राहू द्या आई, मी आहे तसा बरा आहे."

"गप्प बसा," त्या म्हणाल्या आणि पलंगाचा कठडा धरून निघाल्या. कठडा संपला, तेव्हा मध्ये नुसती मोकळी फरशी होती. ती त्या काहीही न धरता ओलांडून आल्या आणि झुलणारा रिमोट त्यांनी मुठीत पकडला. बटण दाबलं. मी आणखी वर गेलो. पंख्याची पाती मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. ते चुकून झालं असं त्या आजही सांगतात, पण त्यांनी बोट जरा जास्तच वेळ तिथे ठेवलं होतं. मग दुसरं बटण दाबलं आणि मी जमिनीवर उतरलो.

सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. खुर्ची पार तिकडे दारात, पलंग मागे राहिलेला, त्यांना धरलेलं कुणीच नाही. मग त्या वळल्या, भिंतीला हात लावत खोलीला लागूनच असलेल्या बाथरूममध्ये सरळ गेल्या आणि आतून कडी लावली. मग आतून कवायतीच्या मैदानावरचा तो जुना खणखणीत आवाज आला, "इथे भिंतीला धरायला एक दांडा हवा. बाकी ठीक आहे."

खुर्चीमागे बायको रडत होती. मीही फरशीवर पडल्या पडल्या रडलो. थोडं पायात मुंग्या आल्यामुळे, पण बरंचसं आनंदाने.

सुताराने चौकट सैल करून खुर्ची सोडवल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला समोर बसवलं. आजींना हलका वॉकर, हातांची ताठ खुर्ची, कमोडवर उंच बैठक आणि भिंतीला दांडे, एवढंच आज हवं, त्या म्हणाल्या. दर काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. लागेल ते वाढवायचं, नको ते काढून टाकायचं. गरजा बदलतात म्हणजे वाढतातच असं नाही, कमीही होतात. मी मान डोलावली. दुकानदाराने सगळं सामान परत घेतलं, पण मला आतल्या दालनात पुन्हा नेलं नाही.

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. तो सासूबाईंनीच उचलला. "मी चालत येऊन बोलतेय," त्या म्हणाल्या. "तू बसून बोलतोयस. तेव्हा आधी ऐक." पुढे मेहुणे फक्त ऐकत होते.

त्यांच्या घरात दांडे बसल्यावर सासूबाई स्वतःच्या पायांनी स्वतःच्या घरी गेल्या. त्या पुढे वॉकर घेऊन, मी मागून सामान घेऊन. अख्खी गल्ली दारांत येऊन उभी होती आणि त्या कुणाकडेही न बघता सगळ्यांना दिसत होत्या. काही महिन्यांत वॉकर गेला, काठी आली. मी भेटेल त्याला सांगत सुटलो की बरोबर सामान घेतलं असतं, तर आई उठल्याच नसत्या. हे श्रेय माझंच आहे आणि ते मी कुणाला देणार नाही.

शेवटच्या तपासणीला मी आणि बायको दोघंही हजर होतो. आजींना एकटं राहायला काहीच हरकत नाही, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी हसत सांगितलं. मग बायकोने त्यांना बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारलं. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात बायको कचेरीच्या कामाने परगावी गेली. ती गेल्यावर थोड्या वेळाने बेल वाजली. दारात सासूबाई उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी.

"आई, तुम्ही? काही हवं होतं का?"

"मला काय हवंय?" त्या मला बाजूला सारून आत शिरत म्हणाल्या. "बाईंनी बजावलंय, तुम्हाला घरात एकटं ठेवायचं नाही."