अण्णांमधली जागा

आमच्या गाण्यांच्या प्लेअरमधली जागा संपली तेव्हा त्याने उरलेली गाणी माझ्या सासऱ्यांच्यात, म्हणजे अण्णांच्यात, ठेवायला सुरुवात केली.

प्लेअर उदयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं, आणि तेही फोन घरी ठेवून. फोन बरोबर असला की तो बँकेतल्या लोकांशी भांडत चालतो आणि रक्तदाब होता तिथेच राहतो. म्हणून त्याने काडेपेटीपेक्षा जरासा मोठा प्लेअर आणला. त्याला वायर नव्हती. घरातल्या वायफायवरून तो आपली गाणी आपणच गोळा करायचा. दुकानदाराने जास्त जागेचा घ्या म्हणून सांगितलं होतं, पण त्याची बॅटरी लवकर उतरते असं कळल्यावर उदयने कमी जागेचा आणि दणकट बॅटरीचा घेतला. आमच्या घरात असे निर्णय उदय घेतो आणि परिणाम मी निस्तरते.

अण्णांचा दिवाण हॉलमध्ये, वायफायच्या डब्याखाली. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ही नावं त्या काळी लोकांनी त्यांच्याच आवाजात ऐकलेली. पण गाणं म्हणाल तर त्यांनी आरतीसुद्धा कधी सुरात म्हटली नव्हती. एके दिवशी सकाळी दात घासताना ते अचानक एक जुनं चित्रपटगीत गायला लागले, मधल्या व्हायोलिनसकट. मला वाटलं, वय झालं. मग उदय प्लेअर खिशात घालून चालायला निघाला आणि तो सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताच अण्णा शब्दाच्या मधोमध थांबले. तो परत आल्यावर त्यांनी उरलेला अर्धा शब्द म्हटला. त्यानंतर शंका घ्यायला जागाच नव्हती.

सुरुवातीला आम्ही ते गोडीगुलाबीने घेतलं. सासूबाई तर खूशच होत्या. मेथी निवडायला घेऊन मुद्दाम अण्णांच्या समोर बसायच्या. "उभ्या जन्मात ह्यांनी मला एक ओळ ऐकवली नाही," त्या म्हणाल्या, "आता ऐकवतायत तर ऐकू दे की."

पण प्लेअरचा निळा दिवा लुकलुकायचा थांबेना. तो रोज नवी गाणी आणत होता आणि स्वतःत मावत नाहीत म्हणून अण्णांकडे देत होता. अण्णांना एका जागी बसवेना. जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे, हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. ओठांवर एक गाणं, बोटांवर दुसऱ्याचाच ठेका. "थांबा, येतंय," म्हणायचे, "अजून येतंय." त्यांना बघून मलाही बसवत नव्हतं. गॅस बंद आहे का हे मी उठून उठून बघायचे. उदय टीव्ही लावायचा आणि उभ्यानेच बघायचा. सासूबाईंनी तर पूजा करता करता देव एकदा ताम्हनात आणि एकदा पाटावर असे इतक्या वेळा हलवले की शेवटी मीच त्यांना जागेवर ठेवलं.

मग अण्णांमधून वस्तू कमी व्हायला लागल्या. आधी गाड्यांच्या वेळा गेल्या. आलेल्या पाहुण्याला कुठली गाडी धरायची हे सांगायचं त्यांनी बंद केलं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मग शेजाऱ्यांची नावं गेली. ती तर मलाही नको होती. मग एका दुपारी सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला तर अण्णांनी हात जोडले.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? घरी तुमची वाट बघत असतील."

सासूबाईंना वाटलं, थट्टा आहे. पण अण्णांनी कधी कुणाची थट्टा केलेली नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या पदराची कड सरळ करत राहिल्या. मला भीती वाटली. इतके दिवस मी हसत होते, याची लाजही वाटली.

उदय प्लेअर बंद करायला धावला, आणि हात लावून थबकला. त्या सकाळी चालताना दोन गाण्यांच्या मध्ये त्याला कानात अण्णांचा आवाज ऐकू आला होता: "उदय, पुढे बघ! चाकाकडे नको, पुढे बघ!" तो इतका दचकला की गटाराच्या कडेला गेला. ती त्याला सायकल शिकवतानाची हाक होती. म्हणजे जशी गाणी अण्णांच्यात गेली होती तसे अण्णाही थोडे प्लेअरमध्ये आले होते. तो बंद करणं आता धोक्याचं होतं.

स्टँडमागे तौफिक मुजावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो घरी आला, चपला बाहेर काढल्या, अण्णांना प्लेअरशेजारी बसवलं आणि आपला टॅब उघडला. त्याच्या तोंडावर आश्चर्य वगैरे काही नव्हतं. सकाळीच असे दोन पेशंट बघून आल्यासारखा तो कंटाळलेला होता.

"काकांची जागा भरत आलीय," तो म्हणाला.

"पण ह्यांच्यातच का?" मी विचारलं. "उदयपण इथेच असतो की."

त्याने उदयकडे बघितलं. "साहेबांच्यात जागा नाही ओ. सगळं बँकेचं आहे."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात दोन गाणी पाठवली होती त्यानं, वैनी. परत आलीत."

का परत आली ते मी विचारलं नाही.

"मग गाणी पुसून टाका," उदय म्हणाला.

"पुसतो की. पण हा वायफायवरनं परत आणणार. आत्ता पुसलेली बघा, आली पण." अण्णांनी पुसलेलं गाणं म्हणून दाखवलं. "ह्याला नवीन आणायला बंदी करता येते. आलेली मात्र आता काकांचीच. प्रश्न बाकीच्याचा आहे. जागा कमी पडली की हा आधी बिननावाचं काढतो. ज्याच्यावर नाव नाही ते 'अज्ञात कलाकार'मध्ये जातं आणि तिथनं बाहेर. आणि काकांचं अज्ञात लय मोठं आहे." त्याने टॅब वाचायला सुरुवात केली. "हिरवी साडी, गॅलरीत. अज्ञात. दवाखान्यात उशाशी बसलेली बाई. अज्ञात. भाकरी थापताना बांगड्या वर सारते. अज्ञात. रागावून माहेरी गेली, तिसऱ्या दिवशी आली. अज्ञात."

"दुसऱ्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"काका आजींना काय म्हणून हाक मारायचे?" तौफिकने विचारलं.

"अगं," सासूबाई म्हणाल्या.

"नावानं?"

"घरातल्या घरात नाव कशाला घ्यायचं? मी काय हरवले होते?"

तौफिकने 'अगं' हे नाव घालून बघितलं. प्लेअरने ते घेतलं नाही. अण्णा आपल्या बहिणीलाही 'अगं' म्हणायचे, मलाही, आणि जिन्यातल्या मांजरीलाही. एका नावावर इतक्या जणी असल्यावर त्याला कोण कुठली ते ठरवता येईना.

"एकच नाव पाहिजे," तौफिक म्हणाला, "आणि ते काकांनी स्वतः म्हटलं पाहिजे. ह्यात टाइप करून चालत नाही."

इथे दुसरी अडचण निघाली. सासूबाई माहेरच्या इंदुमती. लग्नात नाव बदलायची रीत, तेव्हा अण्णांनी अंगठीने ताटातल्या तांदळात 'वासंती' लिहिलं. ते नाव त्यांनीच शोधलेलं, आणि त्या दिवसानंतर त्यांनीच एकदाही उच्चारलेलं नाही. इंदू म्हणणारी माणसं एकेक करून गेली, आणि वासंती म्हणून सासूबाईंना रेशनच्या दुकानापलीकडे कुणी ओळखत नव्हतं.

"कुठलंही चालेल मला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडून काय येतंय ते बघा."

अण्णा येरझाऱ्या घालत होते. आम्ही त्यांना थांबवलं, समजावलं. ही बाई कोण ते त्यांना कळत नव्हतं, पण बायकोचं नाव घ्यायचं आहे म्हटल्यावर त्यांचे कान लाल झाले. ओळख गेली होती, संकोच तेवढा शाबूत होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा गॅलरीत गेले. सासूबाई उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून, म्हणजे त्यांना सोपं जाईल. टॅबवर एकेक ओळ पुसट होत होती आणि तौफिक ते आम्हाला सांगत होता. "हिरवी साडी गेली, साहेब. भाकरीचं चाललंय."

"अण्णा, काहीतरी म्हणा!" उदय ओरडला.

अण्णांनी प्लेअर उचलला. तो ओठांजवळ धरला, मान ताठ केली, घसा साफ केला. आणि ज्या आवाजाने त्यांनी सगळ्या जिल्ह्याला गाडीत बसवलं त्या आवाजात ते बोलले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वासंती नावाच्या बाई, वासंती, आपण जिथे असाल तिथून चौकशीच्या खिडकीजवळ यावे. आपली माणसं आपली वाट बघत आहेत."

सासूबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि त्या चालत येऊन अण्णांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"घेतलं," तौफिक म्हणाला. "वासंती. सगळं एका नावाखाली आलं. हिरवी साडीपण प्लेअरमधनं परत मिळाली. आता जागेचं बोलू."

जागेचं असं होतं. सासूबाईंचं सगळं इतके दिवस प्लेअरने दाबून, बारीक करून ठेवलेलं होतं, बिननावाचं म्हणून. ते मूळ दर्जात उघडायचं तर तेवढी जागा दुसरीकडून काढायला हवी होती. दर्जा न वाढवता ठेवलं तर सगळं राहील, पण आवाज खरखरीत आणि साडीचा रंग अंदाजे.

"खरखरीत चालेल," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठे पळून चाललेय."

"नोकरीचं काढा," उदय म्हणाला.

"ते कधीच गेलं, साहेब."

"लहानपणचं?"

"त्याला हात नाही लावत आम्ही. त्याच्यावर बाकीचं उभं असतं."

"माझं काढा," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्याने बघितलं. "वैनी, तुमचं काढून काय फरक पडणार नाही. थोडंच आहे. त्यातलंबी निम्मं चहाचं."

सतरा वर्षं मी या घरात आहे. पण ती वेळ भांडायची नव्हती.

तौफिक टॅबवर बोट सरकवत राहिला आणि एके ठिकाणी थांबला. "सगळ्यात मोठं हे आहे बघा. 'उदय'. नाव व्यवस्थित, तारीख व्यवस्थित, एक पण हरवलेलं नाही. दिवसातनं शंभर वेळा हाक मारलीय काकांनी."

उदय खाली बसला. वडील आयुष्यभर आपल्यावर नुसते ओरडले, असं तो मला लग्नापासून सांगत आला आहे. तौफिकने त्याला टॅब दिला. उदय वाचत गेला, वाचत गेला, आणि वाचून झाल्यावर त्याने टॅब परत दिला.

"ह्याचा दर्जा कमी करता येईल?"

"करता येईल. पुरेल पण तेवढं. पण खालच्या दर्जात चेहरा राहत नाही, साहेब. नावपण जातं. काहीतरी राहील, पण काय ते मी सांगू शकत नाही."

"उदय, नको," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा दंड धरला. "अरे, मी अशीपण ऐकून घेईन. बाई म्हणू देत."

"आई, तुला त्यांनी आत्ता पहिल्यांदा हाक मारली," उदय म्हणाला. "मला मारून झाल्यात."

मी त्याला अडवलं नाही. अडवावंसं फार वाटत होतं. पण त्याच वेळी मला तो इतका आवडला की लग्नाच्या दिवशीही आवडला नसेल. तौफिकने दोनदा विचारलं, नियम आहे म्हणून. मग त्याने बटण दाबलं. निळा दिवा काही वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. अण्णा दिवाणावर बसले. कितीतरी दिवसांत ते पहिल्यांदा असे बसले होते.

आता घर बऱ्यापैकी शांत असतं. प्लेअरला नवी गाणी आणायला बंदी आहे; आधीची अण्णांच्या ओठांवर येतात, पण रांगेने. अण्णा दिवसभर वासंती, वासंती करतात. चष्मा सापडत नाही म्हणून वासंती, कावळा आला म्हणून वासंती. सासूबाई वैतागतात. "काय ओ सारखं!" म्हणतात, आणि जवळ जाऊन बसतात.

काल संध्याकाळी उदय बँकेतून आला. मी आत पीठ मळत होते, दार अण्णांनी उघडलं. त्यांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"जरा बसायचं होतं," उदय म्हणाला. "चालेल का?"

अण्णांनी त्याच्या हातातली बॅग घेतली, स्वतःची उशी सरकवून दिवाणावर त्याला जागा करून दिली आणि आत वळून हाक मारली.

"वासंती, चहा टाक. कुणीतरी आपलं आलंय."